आईच्या मांडीवर विडीचं सूप परत द्यावं का?

विडी घरकुलची लेक

प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही, म्हणून लांबतोय.

आई ५८ वर्षांची. यंदा गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या वेळी, अक्षतांच्या दिवशी सकाळी तिच्या हातातून चहाची बशी सुटली. रात्री जागरण झालंय, झोप असेल, असं वाटलं. पाच मिनिटांत तोंड वाकडं झालं तेव्हा रिक्षा बोलावली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळं गावातले रस्ते बंद, रिक्षावाल्यानं कुठून कुठून काढली त्याचं त्याला माहीत. मेंदूत डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळं उजवं अंग गेलं. आता साडेतीन महिने झाले. बोलणं सुटलं. पायही बराच आला, काठी घेऊन नळापर्यंत जाते. हात तेवढा अडून बसलाय. खांद्यातून उचलते, कोपर वाकतं, मूठ मिटते. उघडत नाही. रात्री मीच एकेक बोट सोडवून तळव्यातला घाम पुसते.

दवाखान्यातून सोडताना व्यायामाचा एक झेरॉक्स कागद दिला होता, निम्मा न उमटलेला. वाचता आलं ते एवढंच: चेंडू दाबा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. आईनं दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी चेंडू शेजारच्या पोराला देऊन टाकला. “खेळायचं वय आहे का माझं?”

आता मुद्दा. आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्यात. लग्न होऊन आली तेव्हा समोरच्या पद्मशाली मावशींनी शिकवलं. मावशी तेलुगूतून बोलायच्या, आई मराठीतून, त्यामुळं शिकवणं सगळं हातानंच झालं. नंतर दिवसाला हजार वळायची. टीव्ही बघत, शेजारणीशी भांडत, माझ्याकडून पाढे म्हणवून घेत. हाताकडं बघायची गरजच नसायची.

गेल्या रविवारी मावशी बसायला आल्या, आपलं पानं-तंबाखूचं सूप घेऊनच. आईच्या पलंगाला टेकून वळत होत्या, मी आत भाकरी टाकत होते. बाहेर येऊन बघते तर आईनं डाव्या हातानं सुपातलं एक कापलेलं पान उचलून उजव्या हातात ठेवलं होतं आणि उजवा अंगठा हलत होता. जी बोटं मी रोज सोडवते, त्यांनी पान कडेनं धरलं, अंगठा पुढं सरकला, पान अर्धं वळलं. मग बोटं आवळली आणि पान चुरगळलं. आई काही बोलली नाही. दुसरं पान उचललं. अशी सात पानं गेली. मावशी एकदाही नको म्हणाल्या नाहीत, आणि पानं मोजूनमापून मिळतात हे सोलापूरकरांना सांगायला नको.

तेव्हापासून ती रोज सूप मागते. भाऊ म्हणतो, अजिबात नाही, लोक म्हणतील लकवा मारला तरी आईला कामाला बसवलं. फिजिओकडं आठवड्यातून एकदाच नेणं होतं आणि तिथं हे विचारायला मला लाज वाटली, खरं सांगते. सूप द्यावं का? त्यानं हात बिघडेल का? आणि जी बोटं साधा कपड्याचा चिमटा उचलत नाहीत, ती पान कशी धरतात?


फिजिओ, जुळे सोलापूर

लाज कसली? हे तर सगळ्यात आधी फिजिओला सांगायची गोष्ट आहे. मी आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे माझं लिहिणं सर्वसाधारण समजा आणि पुढच्या खेपेला सूप घेऊनच जा. थट्टा नाही करत.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. हालचाल मेंदूत “हे बोट वाकव, ते सरळ कर” अशी सुटी सुटी ठेवलेली नसते, ती कामाला बांधलेली असते. खरी वस्तू, खरं काम समोर असलं की हात नुसत्या व्यायामापेक्षा सफाईनं चालतो. पॅरालिसिसच्या पेशंटमध्ये हे मोजून पाहिलेलं आहे. चिमट्याशी आईंचं काही देणंघेणं नाही, पानाशी चाळीस वर्षांचं आहे. चेंडूबद्दल तर त्यांचंच बरोबर. दाबण्यात मूठ मिटण्याचा सराव होतो, आणि मिटणं त्यांना येतंच आहे. अडलंय उघडणं. विडी वळताना बोटं सारखी थोडी सैल, थोडी घट्ट करावी लागतात. मला चेंडूपेक्षा पान बरं वाटतं.

दुसरी गोष्ट मोजणीची. आमच्या धंद्याला थोडी लाजिरवाणी आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत थेरपीच्या सत्रांत शेजारी बसून हालचाली मोजल्या, तर हातानं प्रत्यक्ष काम करण्याची आवर्तनं एका सत्रात सरासरी ३२ भरली. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत सरावानं मेंदू बदलताना दिसला, तिथं दिवसाला शेकड्यांनी आवर्तनं होती. १९९६ मध्ये रँडॉल्फ नूडो यांनी माकडांवर दाखवलं की मेंदूला इजा झाल्यावर हाताला सराव दिला तर शेजारचा हाताचा भाग टिकून राहतो, नाही दिला तर तोही आक्रसतो. आता ज्या हातानं चाळीस वर्षं दिवसाला हजार विड्या वळल्या, त्याला आपण दहा गुणिले तीन सांगतोय!

तर द्या सूप. पण तंबाखू नाही. ओल्या हाताला निकोटीन कातडीतून आत जातं, धूळ नाकात जाते, आणि लकव्यानंतर हे दोन्ही नकोच. तंबाखूऐवजी वापरलेली चहापावडर उन्हात वाळवून घ्या, हाताला साधारण तशीच लागते. मांडी घालून खाली बसवू नका, अजून तोल आलेला नाही. खुर्ची, पुढं टेबल, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, उजव्या कोपराखाली चादरीची घडी. आपल्या गावात चादर कमी पडायची नाही. खांदा कानाकडं चढायला लागला किंवा सगळं अंगच झुकवून त्या पान वळायला लागल्या, की हात दमलाय असं समजायचं आणि थांबायचं. पंधरा मिनिटं सकाळी, पंधरा संध्याकाळी, तेवढ्यानं सुरुवात. कात्री इतक्यात नको. आणि घरात सगळ्यांना सांगा, उठवताना उजव्या हाताला धरून ओढायचं नाही. खांदा सैल असतो, एका हिसक्यानं महिन्याची मेहनत जाते.

आणखी एक. सूचना देताना “अंगठा वाकव, बोट सरळ कर” असं म्हणू नका. “पान घट्ट वळ” म्हणा. लक्ष बोटाकडं गेलं की हात गडबडतो, कामाकडं राहिलं की बरा चालतो. शिकलेल्या हाताच्या बाबतीत तर हे जास्तच खरं.


निर्व्यसनी

विडी ओढणाऱ्यांचं वाटोळं, वळणाऱ्यांचंही वाटोळं. देवानं हात काढून घेतला म्हणजे सुटका केली असं समजा. ताई, आता तरी त्या माउलीला विडीतून सुटू द्या.


विडी घरकुलची लेक

दादा, त्याच विडीवर माझं बारावीपर्यंतचं शिक्षण झालंय. ती वाईट नोकरी होती हे आईला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, खोकत खोकत केलीय तिनं. मला तिला हजारीवर परत बसवायचं नाही. तिला स्वतःच्या हातानं काहीतरी येतंय हे तिला दिसू दे, एवढंच. आणि देवानं हात काढून घेतला वगैरे तिच्यासमोर बोलला असतात तर डाव्या हातानं काय मिळालं असतं ते सांगत नाही.

फिजिओ मॅडम, लै आभार. एक विचारू? आई म्हणते, “मला नाही आठवत गं, हाताला आठवतंय.” हाताला आठवतं म्हणजे नक्की कुठं आठवतं?


धोटा

नमस्कार ताई. मी मॅडमसारखं शास्त्र सांगू शकत नाही, माझं स्वतःचं सांगतो. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर होतो. सहा वर्षांपूर्वी चालू मागात हात गेला, उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. शीर म्हणजे रक्ताची नाही, बोट ओढणारी दोरी. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे पट्टीत. पट्टी काढली तेव्हा बोटं दुसऱ्याची वाटत होती.

ताण्यातला धागा तुटला की गाठ मारायची, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. मला वडिलांनी शिकवलं होतं. गाठ एवढी बारीक की मागाच्या फणीतून अडकल्याशिवाय गेली पाहिजे. डोळे मिटून मारायचो. पट्टी काढल्यावर पहिली गाठ मारायला बसलो तर दोन टोकं हातात धरून नुसता बघत राहिलो. कुठलं टोक वर, कुठलं खाली, हेच आठवेना. गंमत म्हणजे डाव्या हाताला सुरुवात करू दिली, तर उजवा आपोआप मागं आला. आईंनी डाव्यानं पान उचलून उजव्यात दिलं म्हणता ना, तसंच काहीतरी.

मी घरी शिवणाच्या जाड दोऱ्यावर बसायचो. पहिल्या महिन्यात एकच गाठ, शंभर शंभर वेळा. घरी छान जमायची. मागावर गेलो की पुन्हा बोंब. आमचे जॉबर, म्हणजे मागावरचे मुकादम, म्हातारे गृहस्थ, ते म्हणाले, एकाच दोऱ्यावर काय बसतोस, जाड घे, बारीक घे, ओला घे, उभ्यानं मार, वाकून मार. चिडचिड झाली. रोज जमत होतं तेही जमेना. पण पंधरा दिवसांत मागावर गाठ बसायला लागली.

एक खरं सांगतो, पहिल्यासारखी गाठ आजही नाही. मधलं बोट पुरतं वाकत नाही म्हणून मी अनामिकेनं टोक दाबतो. वडील असते तर म्हणाले असते, ही काय पद्धत आहे का? पण फणीतून जाते.


फिजिओ, जुळे सोलापूर

धोटा, तुमच्या जॉबरना माझा नमस्कार सांगा. त्यांनी सांगितलं ते १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांनी प्रयोगात दाखवलंय. एकच काम सलग घोटलं की त्या वेळी झकास जमतं. कामं मिसळून, क्रम बदलत केली की त्या वेळी चुका जास्त होतात, पण नंतर जास्त टिकतं आणि नव्या ठिकाणीही चालतं. घरचेही इथंच फसतात. आज जमतंय म्हणून खूश होतात, चुकतंय म्हणून थांबवतात. अर्थात आईंच्या हाताला आधी थोडं घोटणं लागेल. पाच-सहा पानं सलग वळता आली की मग मोठं पान, लहान पान, कोरडं, ओलं, असं मिसळा.

“हाताला आठवतं” याबद्दल. आठवण हातात नसते, असते मेंदूतच, पण वेगळ्या कप्प्यांत. हेन्री मोलेसन नावाचा एक अमेरिकन पेशंट होता. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा थोडा भाग काढला, आणि त्यानंतर नवं काही त्याच्या लक्षातच राहीना. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगला बसला. आणि दर दिवशी त्याला वाटायचं, हे आपण पहिल्यांदाच करतोय! शिकल्याची आठवण एकीकडं आणि शिकलेलं कसब दुसरीकडं असू शकतं, ते असं.

आईंच्या बाबतीत कसबाचा कप्पा बहुतेक शाबूत आहे. तिथून हातापर्यंत हुकूम नेणारी वाट गुठळीनं तुटली आहे. म्हणून पान कसं वळायचं हे त्यांना नव्यानं शिकवावं लागत नाही, पण ते हातात उतरायला नवी वाट पाडावी लागते. ती चालून चालूनच पडते.

विडीवरून आठवलं. १९५९ मध्ये क्रॉसमन यांनी सिगारच्या कारखान्यातल्या कामगारांचा वेग मोजला होता. लाखो सिगार झाल्यावरही, दुसरं वर्ष उलटत आलं तरी वेग थोडा थोडा वाढतच होता. दोन आठवड्यांत जमेना म्हणून हात टेकणाऱ्या नातेवाइकांना मी हे सांगते. पॅरालिसिसमध्ये पहिल्या तीन महिन्यांत हात झपाट्यानं सुधारतो, सहा महिन्यांनंतर मंदावतो, पण सराव केला तर थांबत नाही.


कडकभाकरी

माझ्या सासूबाईंचा डावा हात गेला होता. त्यांना भाकरी थापायला दिली. दोन्ही हात लागतात, परात फिरवावी लागते, आणि पीठ चुकीला माफ करतं. पहिल्या भाकरीचा आकार बघून नातू म्हणाला, आजी, हा आफ्रिका खंड. दोन महिन्यांनी जरा गोल यायला लागली. फक्त एक सावध करते. त्या हाताला चटका कळत नव्हता. तव्याच्या कडेला मनगट टेकलं आणि वास आल्यावर आम्हाला समजलं. तेव्हापासून थापणं त्यांचं, तवा माझा.

एक विचारायचं होतं. यूट्यूबवर पाहिलं की चांगला हात बांधून ठेवला तर आजारी हात नाइलाजानं चालायला लागतो. कोणी केलंय का?


फिजिओ, जुळे सोलापूर

पद्धत खरी आहे. एडवर्ड टॉब यांची. आजारी हातानं काही जमत नाही, म्हणून माणूस चांगल्या हातानं उरकतो, आणि मग हात थोडा सुधारला तरी न वापरण्याची सवयच लागते, हे त्यांनी आधी माकडांत पाहिलं. माणसांवर मोठी तपासणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, २२२ पेशंट, आणि फायदा दिसला. पण त्यात चांगला हात दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ हातमोज्यात आणि रोज तासन्‌तास शिकवणारा माणूस शेजारी. शिवाय मनगट आणि बोटं थोडी तरी उघडत असली तरच ते करतात. मूठ पुरती आवळलेली असेल तर नुसता छळ होतो. काठीवर चालणाऱ्या माणसाचा चांगला हात घरी बांधलात तर तो पडेल. हे एकट्यानं करू नका.

सासूबाईंच्या भाकरीला मात्र माझे पूर्ण मार्क.


विडी घरकुलची लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय. उशीर झाला, शाळेच्या निकालाची कामं होती आणि त्यात ४२ डिग्रीचं ऊन.

सूप घेऊन फिजिओकडं गेले. सर आधी हसले, मग स्वतःच एक विडी वळायला बसले. जमली नाही. आई इतकी हसली की काठी खाली पडली. तिथून ती सरांचं ऐकायला लागली. आधी “पोरगं आहे” म्हणायची.

पानांचा प्रश्न मावशींनी सोडवला. कापून उरलेल्या कडा आणि फाटकी पानं त्या पिशवीत घालून आणतात. मी फडक्यात गुंडाळून रात्रभर ओली ठेवते. चहापावडर गच्चीवर वाळत घालते, शेजारणी विचारतात हे कसलं वाळवण.

पहिला आठवडा नुसता उचल-ठेव. डाव्यानं नाही, उजव्यानं. सुपातून पान उचलायचं आणि ताटलीत टाकायचं. उचलणं जमायचं, टाकणं नाही. पान बोटाला चिकटल्यासारखं राहायचं आणि आई बोटाकडं रागानं बघत बसायची. मी एकदा “बोट उघड ना” म्हणाले आणि मूठ अजूनच आवळली. मग मॅडमचं आठवलं. म्हटलं, “आई, ताटलीत टाक.” लगेच पडलं असं नाही, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी पडलं.

दुसऱ्या आठवड्यात वळायला घेतलं. शांतपणे बसवलं तर तिला जमत नाही, हे मला चार दिवसांनी कळलं. मी समोर बसून मोजत असले की पान चुरगळतं. मावशी आल्या, दोघींनी कुणाच्या तरी सुनेचा विषय काढला, की अंगठा सरकतो. म्हणून मी आता आत जाते आणि दाराच्या फटीतून मोजते. खांदा चढला की बाहेरून हाक मारते, “आई, चहा.”

भाऊ अजून फारसा बोलत नाही. पण परवा कारखान्यातून येताना दोऱ्याचं एक रीळ आणून सुपात टाकलं.

काल पहिलं बंडल पुरं झालं. पंचवीस. वळायला सहा दिवस लागले, चहापावडर भरलेल्या. तोंडं दुमडणं अजून डाव्या हाताकडं आहे आणि दोरा मावशींनी बांधला, ते लपवत नाही. आईनं बंडल डाव्या हातात घेतलं, कारखान्यात माल तपासतात तसं एकेक विडी बोटानं दाबून बघितली आणि सैल वाटली ती बाजूला काढत गेली. मी म्हटलं, अगं राहू दे, कोण विकायला जाणार आहे? तिनं ऐकलंच नाही.

अकरा बाद केल्या. त्यांची पानं उलगडून परत ओल्या फडक्यात ठेवायला लावली मला.